मोजण्याआधी मोजणी हवी का ते पाहावे
पॉपकाउंट (एका शब्दातील १ असलेले बिट एकदम मोजणारी) ही प्रोसेसर-सूचना वापरली की बिटमॅपमधील, म्हणजे ०-१ बिटांच्या रांगेतील, १ असलेल्या बिटांची मोजणी वेगवान होते, हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मान्य आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी मुळात मोजणीचीच गरज नसते. लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ८१९२ बिटांच्या बिटमॅपचे ‘बिटमॅप_वेट’, म्हणजे १ असलेल्या बिटांची संख्या, शून्य आहे का असे तपासले, तर ६४ बिटांचे सर्व १२८ शब्द (प्रोसेसर एका वेळी हाताळतो ते बिटांचे गट) चाळले जातात. बिटमॅप रिकामा आहे का एवढेच पाहणारे ‘बिटमॅप_एम्प्टी’ मात्र १ असलेला पहिला बिट सापडताच थांबते.

एका ड्रायव्हरमध्ये मी दोन बिटमॅपमधील सामाईक (दोन्हींत १ असलेले) बिट आधी तात्पुरत्या बिटमॅपमध्ये लिहून मग मोजत होतो. सामाईक बिट थेट मोजणारे ‘बिटमॅप_वेट_अँड’ वापरल्यावर ती जागा आणि दुसरी फेरी, दोन्ही वाचली. स्वतःचे लूप लिहिणाऱ्यांनी शेवटचा शब्द जरूर मास्क करावा, म्हणजे त्यातील जादा बिट वगळावेत, कारण १०० बिटांच्या बिटमॅपला ६४ बिटांचे दोन शब्द लागतात आणि वरच्या न वापरलेल्या २८ बिटांतील कचराही मोजला जाऊ शकतो.