पद्मिनीच्या सीटवरच्या सुरकुत्या

प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या सीटवर चढवलेलं नवं रेक्झीन कव्हर कधी कधी कोपऱ्यांत सुरकुततं. दोष बहुधा कव्हरचा नसतो, खालचा फोम बसलेला असतो. त्यावर १२ मिमीचा नवा थर चिकटवा. जुन्या कव्हरच्या शिवणीतल्या तारा मात्र फेकू नका, त्याच नव्यात ओवायच्या. तार नसेल तर कव्हर सीटच्या सांगाड्याला अडकवणाऱ्या धातूच्या कड्या रेक्झीनच फाडतात. आधी पुढची कड मधोमध अडकवा, मग मागची, नंतर बाजू, कोपरे सगळ्यात शेवटी. खानापूर-बेळगावच्या पावसाळी गारव्यात रेक्झीन कडक राहतं, ताणलं जात नाही. हे काम एप्रिल-मेच्या उन्हातच काढावं. थांबवत नसेल तर हेअर ड्रायर वापरा, पण फिरता ठेवा; एकाच जागी धरला की रेक्झीनवरचा दाणा, म्हणजे चामड्यासारखी खरखरीत नक्षी, मरतो आणि चकाकणारा डाग कायमचा राहतो.