व्हीगन म्हणजे उपदेशी आणि मटणवाला म्हणजे रांगडा, हे रिॲलिटी शोनं ठरवायचं का?

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारा)

ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर २००३ साली 'वाइफ स्वॅप' सुरू झाला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत एबीसीवर आला. दोन घरांतल्या बायकांची अदलाबदल करायची. पाहुणीनं आधी त्या घरच्या रीतीनं राहायचं, मग स्वतःचे नियम लावायचे. आपल्याकडे सोनीनं २०११ साली 'माँ एक्सचेंज' केला तो याच साच्यातला. असल्या कार्यक्रमांना व्हीगन, म्हणजे मांस-अंडीच नाही तर दूध-तूपही न खाणारं घर आणि मांसाशिवाय घास न उतरणारं घर ही जोडी फार सोयीची. भांडण वेगळं लावावं लागत नाही, जेवणाची वेळ रोज येतेच.

पण माणसं कशी निवडतात बघा. व्हीगन बाई कायम फिकट, ताठ, मुलांच्या ताटावर नजर ठेवणारी. मांसाहारी घर कायम आरडाओरडीचं, पोरांनी भाजी कधी पाहिलेलीच नाही असं. आणि हिंदी-मराठी वाहिन्यांवर कोल्हापूरचा माणूस आला की तो मिशीवर ताव देणारा, मोठ्या आवाजाचा, तांबड्या-पांढऱ्यापलीकडे काही न बोलणारा.

याचा त्रास पडद्यापुरता राहत नाही. माझ्या पुतण्यानं मटण आणि दूध दोन्ही सोडलं. का सोडलं हे विचारायच्या आधीच घरच्यांनी ठरवून टाकलं की आता हा आम्हाला अक्कल शिकवणार. तो एक शब्द बोलला नव्हता. टीव्हीवर बघितलेली बाई त्यांनी त्याच्या जागी बसवली होती. मला याचा राग येतो, आणि माझं मत आहे की हे कार्यक्रम अन्नाबद्दल साधं बोलणंच अवघड करून ठेवतात.

उत्तरेश्वर पेठ

साफ अमान्य. साचा हवेतून येत नाही. व्हीगन मित्रांबरोबर जेवायला बसून बघा, पहिल्या घासाला प्राण्यांचे हाल सुरू होतात. टीव्हीनं ते दाखवलं तर टीव्हीचा काय दोष?

आणि कोल्हापूरचं म्हणाल, तर मला त्यात अपमान दिसत नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर वाढले तेव्हा या शहरातली माणसं रस्त्यावर आली, कृती समिती झाली, मटणावर बहिष्कार पडला. मटण हा इथं जिव्हाळ्याचा विषय आहे, तो लपवायचा कशाला?

उलट टीव्ही कुणाच्या बाजूचा आहे तेही सांगतो. २०१५ साली 'मास्टरशेफ इंडिया'चं अख्खं पर्व शाकाहारी केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी मांस-मासे कधीच खात नाही म्हणणारे फक्त १६.६ टक्के होते. बाकीच्यांचं जेवण त्या वर्षी स्पर्धेच्या लायकीचं नव्हतं का?

कळंबा रोड

मी मुंबईत काही वर्षं असल्या कार्यक्रमांचं एडिटिंग केलंय म्हणून लिहितो. उत्तरेश्वर, साचा हवेतून येत नाही हे खरं, पण तो घरातूनही येत नाही, तो टेबलावर तयार होतो. एका माणसाचं दिवसभराचं फुटेज असतं आणि भागात त्याच्या वाट्याला काही मिनिटं येतात. सकाळी डोकं दुखतंय म्हणून वाकडं केलेलं तोंड रात्रीच्या रश्श्याच्या भांड्यानंतर लावता येतं. एकट्याला बसवून घेतलेल्या मुलाखतीत प्रश्न आम्ही विचारायचो, "त्यांच्या खाण्याची किळस येते का?" आणि प्रश्न कापून फक्त उत्तर ठेवायचं. बघणाऱ्याला वाटतं, ती आपण होऊन बोलली.

दुसरी गोष्ट. ऑडिशनला समजूतदार माणसं येतात, भरपूर येतात. "मी खात नाही, पण नवऱ्याला करून घालते" म्हणणारी बाई पुढच्या फेरीत जात नाही.

'बिग बॉस'मध्ये तर रेशनच मोजून देतात आणि जास्तीच्या वस्तू टास्क जिंकून मिळवायच्या. तिथं अंड्यावरून होणारं भांडण हे तत्त्वाचं कमी आणि टंचाईचं जास्त असतं. पण दाखवताना ते "व्हेज विरुद्ध नॉनव्हेज" म्हणून दाखवलं की काम सोपं होतं.

उत्तरेश्वर पेठ

प्रश्न कापतात हे माहीत नव्हतं, ते वाईटच. पण उत्तर तर तिनंच दिलं ना? तोंडात कुणी घातलं नाही.

म्हशीवाला, कागल

माझं जरा वेगळं म्हणणं हाय. टीव्हीवर व्हीगन आणि मटणवाला भांडतात, त्यात मी कुठंच न्हाई. खरं तर व्हीगन माणसाचं पहिलं भांडण माझ्याशी पाहिजे. मटण आमच्याकडं बुधवार, रविवार. दूध दोन्ही वेळचं. 'गोकुळ'चा संघ १९६३ पासनं हाय, गावोगावच्या घरांचा महिना त्या दुधाच्या बिलावर चालतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर माणसं म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण दूध पितात. तालमीतला पैलवान मटण सोडंल, दूध सोडणार न्हाई.

मग व्हीगन म्हणतो दूध नको, तर त्यानं मला समोर बसवून विचारावं. रेडकाला आधी पाजल्याशिवाय म्हैस पान्हवत न्हाई, थोडं त्याला, बाकी आम्हाला. रेडी झाली तर घरात राहती. रेडा झाला तर त्याला कोण सांभाळणार? औत आता ट्रॅक्टरनं चालतं. तो विकला जातो, आणि कुठं जातो ते सगळ्यांना ठाऊक हाय. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आली, म्हैस-रेडा त्यात न्हाई. शाकाहारी घरात रोज बासुंदी आटवणाऱ्यानं आमच्या मटणाला नावं ठेवायच्या आधी हे ध्यानात घ्यावं.

राजारामपुरी, बारावी गल्ली

दादा, तुम्ही जे लिहिलंत त्याच कारणानं मी दूध सोडलं. मी व्हीगन आहे, कोल्हापुरातच वाढले, आणि मटणाच्या ताटासमोर बसून निवांत जेवते. इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी निघाली ती शाकाहारी मंडळींतूनच, दुधाच्या प्रश्नावर वेगळं होऊन. म्हणजे हा वाद मुळात शाकाहारी माणसाला विचारलेला प्रश्न आहे. टीव्हीनं तो उचलून मांसाहाऱ्याच्या अंगावर घातला, कारण मटणाचा तुकडा कॅमेऱ्यात चांगला दिसतो. रेड्याचं काय होतं हे दाखवायचं तर दुधाच्या, तुपाच्या, चॉकलेटच्या जाहिराती कुणाच्या जिवावर घेणार?

मला उपाशीही राहावं लागत नाही. दह्याशिवायची मिसळ, झुणका-भाकरी, खर्डा, डाळकांदा, शेंगदाण्याची आमटी, यात प्राण्याचं काहीच नाही. २०२२ पासून पाकिटांवर व्हीगनचं वेगळं सरकारी चिन्हही आहे. पण बदामाच्या दुधाचं पाकीट महाग असतं, आणि टीव्हीवरची व्हीगन कायम तेच पाकीट हातात धरून उभी असते. म्हणून लोकांना वाटतं की हे श्रीमंतांचं खूळ.

उत्तरेश्वर, तुमचे मित्र पहिल्या घासाला सुरू होत असतील, ते चूकच. मी मात्र विचारल्यावरच सांगते.

रंकाळाकाठ

मला हेच म्हणायचं होतं. आपल्या घरांत हे सगळं शांतपणे चालत आलंय. आमची आजी माळकरी होती. त्याच घरात आजोबांना आठवड्याला मटण लागायचं. तिची भांडी वेगळी, मटणाची चूल परसात. सोमवारी आणि शनिवारी मटण कुणीच खायचं नाही, श्रावण पाळायचा, जोतिबाला पुरणपोळीचाच नैवेद्य. तिनं कधी आजोबांना टोकलं नाही, आजोबांनी तिला हसलं नाही. असलं घर एखाद्या शोनं दाखवावं.

शाहूपुरीची

थांबा. परसातली चूल कोण पेटवायचं? आजीनं माळ घातली होती, म्हणजे मटण सूनच करत असणार. मग तीच अंघोळ करून सासूबाईंचं वेगळं करणार, दोन्हीकडची भांडी घासणार. तुम्ही ज्याला शांतता म्हणता ती एका बाईच्या दुप्पट कामावर उभी होती.

मी जैन घरातली. आमच्याकडे कंदमुळं नाहीत, सूर्यास्ताआधी जेवण. सासरी धाकट्या दिराला बाहेरचं अंडं चालतं, मुलीला आता दूध नको. तिघांचं तीन तऱ्हेचं, आणि करणारी मी एकटी. म्हणून 'वाइफ स्वॅप'बद्दल माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. बाई बदलली की घरातलं जेवण बदलतं, कारण स्वयंपाक तिच्याच गळ्यात, एवढं तरी तो कार्यक्रम उघड दाखवतो. पाहुणी बाई मटण शिजवायला नकार देते तेव्हा सगळे तिला आगाऊ म्हणतात. जो नवरा स्वतः ते शिजवायला उठत नाही, त्याला कुणीच काही म्हणत नाही.

रंकाळाकाठ

ताई, स्वयंपाक आईच करायची. मटणाचाही आणि आजीचाही. पुतण्याचं आता कोण करतं तेही सांगतो. वहिनी करते. तो पोहे सोडून काही करत नाही.

राजारामपुरी, बारावी गल्ली

मग त्याला आधी आमटी शिकवा. माझं मी करते, आईला सांगत नाही.

उत्तरेश्वर पेठ

ताईंचा मुद्दा पटला. आमच्याकडे रविवारचं मटण मीच करतो, वाटणासकट, म्हणून हे ध्यानात आलं नव्हतं. पण साच्याबद्दल माझं मत कायम आहे. मिशी आणि रस्सा दाखवा, खुशाल दाखवा. त्याच्या शेजारी कागलच्या दादांचा गोठाही दाखवा, रेडा विकायला काढतात त्या दिवसाचा. तसा भाग कुठल्या वाहिनीनं केला तर मी बघेन, आणि त्यानंतर दूध प्यायचं की नाही ते माझं मी ठरवेन.

म्हशीवाला, कागल

गोठा दाखवायला माझी ना न्हाई. पण त्या दिवशी घरात कुणी जेवत न्हाई, ते पण चित्रीकरणात घ्यायला पाहिजे. आणि दुधाचा दर काय मिळतो, पेंडीचं पोतं केवढ्याला येतं, तेवढं विचारल्याशिवाय कॅमेरा आत येऊ देणार न्हाई.