यंदाचा निधी: बेळगाव-खानापूरच्या विशेष मुलांसाठी

प्रेषक: नाना (मूळ टिळकवाडी, हल्ली लीड्स)

मंडळींनो, नमस्कार.
इथे ब्रिटनमध्ये आपण बसवलेल्या गणपतीच्या वर्गणीतून खर्च वजा जाता बरी रक्कम शिल्लक आहे. बेळगाव भागातल्या विशेष मुलांसाठी ती द्यायची, हे सभेत ठरलंच आहे. माझं मत, एखाद्या थेरपी केंद्राला चांगली यंत्रं घेऊन द्यावीत. वस्तू डोळ्यांना दिसते, हिशेबही सरळ राहतो. रविवारपर्यंत कळवा.

*

प्रेषक: माई (माहेर नंदगड, हल्ली रेडिंग)

नाना, यंत्रांना माझा विरोध नाही. पण पैसा आधी आईबापांसाठी खर्च व्हावा असं मला फार वाटतं. जरा सविस्तर लिहिते.

माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत, शिवाय फिट्स येतात. पावसाळ्यात न्युमोनिया झाला म्हणून त्याला बेळगावात ॲडमिट केलं होतं. त्याचा डावा अंगठा मुठीत आत वळला की थोड्याच वेळात फिट येणार, हे वहिनीला पक्कं ठाऊक आहे. त्याला पेज भरवताना मान मागे जाऊ द्यायची नाही. मांडीवर सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली घ्यायची, चमचा समोरून पण खालच्या बाजूने न्यायचा आणि पहिला घोट गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. नाहीतर ठसका लागतो आणि पेज श्वासनळीत उतरते. न्युमोनियाच्या पोराच्या बाबतीत याहून महत्त्वाचं काय असतं? केसपेपरवर यातलं एक अक्षर नव्हतं. राउंडच्या वेळी तिला बाहेर काढायचे. काही विचारायचं तर भावाला विचारायचे, आणि तो दिवसभर कामावर. फोनवर म्हणाली, “वन्सं, सांगायला गेलं तर म्हणतात आम्हाला कळतंय. मग काय बोलू सांगा की.”

इथल्या, इंग्लंडच्या, वॉर्डांतही एके काळी हेच होतं. मूल ॲडमिट झालं की आईबापांनी ठरावीक वेळेलाच यायचं. 1959 साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने सांगितलं, आईबापांना केव्हाही येऊ द्या, लहान मुलांच्या आयांची राहण्याची सोय करा. नुसत्या अहवालाने दारं उघडली नाहीत. 1961 मध्ये आया एकत्र आल्या, संघटना काढली आणि वर्षानुवर्षं मागे लागल्या. माझ्या लेकाच्या ऑपरेशनच्या वेळी मला त्याच्या शेजारी झोपता आलं ते त्या बायकांमुळे, हे मी विसरत नाही.

शाळेचंही तसंच. भाच्याचं नाव गावच्या मराठी शाळेत आहे, शिकवायला बाई अधूनमधून घरी येतात, मायेने वागतात. पण वर्षाचं उद्दिष्ट काय, तर रंग ओळखणे. वहिनीला हवंय की त्याला लघवीला लागली हे त्याने खुणेने सांगावं. ते जमलं तर तिला त्याला घेऊन चार तास शाळेत बसवता येईल, नाहीतर नाही. तिला कुणी विचारलंच नाही. त्याच्या शिक्षणाच्या आराखड्याचा कागद कानडीत आला. ती बाजारापुरतं कानडी बोलते, वाचता येत नाही, सही मात्र तिचीच. इथे माझ्या मुलाच्या आराखड्याचा मसुदा आधी माझ्या हातात येतो, म्हणणं मांडायला निदान पंधरा दिवस मिळतात, पटलं नाही तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. हा हक्क इथल्या 2014 च्या कायद्याने दिलाय. तिकडे कायदा नाही असं मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक असायला हवेत, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर अपंग मुलांच्या पालकांनाही त्यात प्रमाणात जागा आहे. पण या शाळा समितीच्या, म्हणजे एसडीएमसीच्या, बैठकीला वहिनीला बोलावणार कोण, आणि तेवढा वेळ पोराला सांभाळणार कोण?

म्हणून माझी मागणी अशी, की मराठी-कानडी दोन्ही वाचता-बोलता येणारी एखादी बाई पगारावर ठेवू या. वॉर्डात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) ऑफिसात, बैठकीत तिने या आयांच्या बाजूला बसावं.

*

प्रेषक: डॉक्टरताई (मूळ शहापूर, हल्ली ग्लासगो)

माईंचं पटतंय. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून फार तर तासभर मुलाला हात लावतो. उचलणं, अंघोळ, भरवणं, कपडे घालणं हे सगळं आई करते, आणि खरा व्यायाम त्यातच होतो. तिला नीट शिकवलं नाही तर महागडं यंत्रही फुकट जातं. आईबापांना वॉर्डाबाहेर ठेवायचं धोरण आता भारत सरकारचंही नाही. आजारी नवजात बाळांच्या काळजीत कुटुंबाला सामील करून घ्यावं, अशा मार्गदर्शक सूचना 2017 मध्येच निघाल्यात. मोठ्या मुलांच्या वॉर्डात का नको?

एक काम लगेच करता येईल. प्रत्येक मुलासाठी एक पान करायचं, डावीकडे मराठी, उजवीकडे कानडी. फिट येण्याआधी काय दिसतं, कसं भरवायचं, दुखलं तर तो कसं सांगतो, कोणती औषधं चालू आहेत. आई सांगेल तसंच लिहायचं आणि केसपेपरला टाचायचं. सिस्टरांवर चाळीस कामं असतात. पानभर मजकूर समोर असला तर त्याही वाचतील, असा माझा अनुभव आहे. पगारावर ठेवायच्या त्या बाईंनीच यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्याचे फॉर्मही भरून द्यावेत. निरामयमध्ये सेरेब्रल पाल्सीला वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

*

प्रेषक: नाना

माई, ताई, दोघींचं वाचलं. बाईंच्या पगाराला माझी संमती, निदान दोन वर्षांची तरतूद करू. एकाच वर्षाची केली तर तिची ओळख होईपर्यंतच काम बंद पडेल.

कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे 2023 पासून आयांना साध्या एसटीचं तिकीट पडत नाही, पण स्टँडपासून हॉस्पिटलपर्यंत रिक्षा आणि बुडालेली मजुरी आहेच. त्यासाठी वेगळी रक्कम धरा.

यंत्रांचा आग्रह मी पूर्ण सोडत नाही. मुलाला बसतं करायची खुर्ची आणि उभं करायची चौकट हवीच. पण ती इथून पाठवायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात मापाने होईल, आणि मूल वाढलं की बदलूनही मिळेल. माप घेताना थेरपिस्ट आणि आई दोघेही हजर पाहिजेत.

पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा. आपल्यातल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची देणगी, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी, परदेशी धरली जाते, म्हणून घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी (एफसीआरए) लागेल. तशी संस्था बेळगावात कोणती, हे मी चौकशी करून कळवतो. माई, वहिनींना विचारा, पहिलं पान त्यांच्या मुलाचं करायला चालेल का, आणि फोनवर कोणत्या वेळी सवड असते.