मदत हवी आहे: गाडी गरम असताना परत चालू होत नाही

कैरी_पन्हं
शीर्षकात लिहिलंय तेच. सकाळी थंड गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. चालताना काही तक्रार नाही. पण लांबून येऊन बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू करायला गेलं की होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग बॅटरी बदलायला लावली, आता ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय म्हणतो. तो आकडा ऐकून गाडी त्याच्याकडून उचलून आणली. शनिवारी साताऱ्याला जायचंय. जाणकारांनी जरा लवकर सांगा.

रेतीबंदर
कुठली गाडी? कुठलं साल? पेट्रोल की डिझेल?

थर्मोस्टॅट_काका
मे महिन्यात हे होणारच. कूलंट तपासा, नुसतं पाणी घालत असाल तर ते बंद करा. रेडिएटरचा पंखा लागतो का बघा, थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदला. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, हात भाजतो. हेड गॅस्केट गेलं की मग खर्च विचारू नका.

कैरी_पन्हं
काका, गाडी उकळत नाहीये. काटा कायम मध्यावर असतो. गरम म्हणजे चालून आलेली, इतकंच.
२०१२ची पेट्रोल, चार सिलिंडर, एमएच १२. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मागे एका धाग्यात नाव दिलं तर अख्खं पान त्या कंपनीवरून भांडण्यात गेलं.

पान्हा_दहाचा
‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय? किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् होतं, सेल्फ रडत रडत फिरतो, की जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? पहिल्या दोन्हींत स्टार्टर, सोलेनॉइड, बॅटरीच्या तारा आणि अर्थिंग बघायचं. एक्झॉस्टजवळचा स्टार्टर तापला की असं होतं. तिसऱ्यात सेल्फचा काही दोष नाही. तिथे करंट किंवा पेट्रोल, यातलं एक पोचत नाही.

निवृत्त_सारथी
याला व्हेपर लॉक म्हणतात, पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकत नाही. पूर्वी खंबाटकी चढून गेल्यावर दर चार गाड्यांमागे एक बोनेट उघडून उभी असायची. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा घ्यायचा, गाडी चालू. मी आजही डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली ठेवतो. हल्लीच्या मुलांना सगळं स्कॅनरने हवं.

पान्हा_दहाचा
काका, त्या कार्बोरेटरच्या गाड्या. पंप इंजिनला चिकटलेला आणि दाब जेमतेम, त्यामुळे पेट्रोलची वाफ व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) साधारण तीन बार दाब असतो. इतक्या दाबाखाली पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. फडकं टाकणार कुठे, मागच्या सीटखाली?

उसाचं_चिपाड
कोणी मूळ कारणच बोलत नाहीये. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल!! ही गाडी २०१२ची, आणि ई२०ला चालणारे रबर-सील गाड्यांत यायला लागले एप्रिल २०२३पासून. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं. बोनेटखाली तेवढं तापमान आरामात होतं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचंही हेच.

रेतीबंदर
मेव्हण्याच्या गाडीला सेल्फ फिरत होता का? :)

ओबीडी_वेडा
चर्चा कशाला लांबवताय? डोळे झाकून क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) बदला. आतली कॉइल तापली की सिग्नल देत नाही, निवली की परत देते. तंतोतंत बसणारी लक्षणं आहेत. ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (छोटा स्कॅनर) लावा, सेल्फ मारताना आरपीएम बघा. शून्य दाखवलं की विषय संपला.

कैरी_पन्हं
सेल्फ जोरात फिरतो. पान्हादादा म्हणतात तो तिसरा प्रकार. स्कॅनर गॅरेजवाल्याने लावला होता, बिघाडाचा एकही कोड नव्हता. परवा तर पंपावर नोझल काढलं आणि गाडी ढिम्म. मागे रिक्षांची ही रांग, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले. ढकलून बाजूला घेतली.

रेतीबंदर
थांबा थांबा. मागे रिक्षांची रांग? म्हणजे सीएनजीचा पंप? गाडीला सीएनजी आहे??

कैरी_पन्हं
हो, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट आहे. पण चालू तर पेट्रोलवरच होते, थोडं पुढे गेलं की आपोआप गॅसवर जाते. गॅसवर काहीच त्रास नाही, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

पाच_किलो_भरा
मग झाकण नीट लावलं नसेल! गॅस भरायचं झाकण उघडं असेल तर गाडी चालू होऊ नये म्हणून तिथे बारीक स्विच असतो.

कैरी_पन्हं
तो कंपनीकडून सीएनजी बसवून आलेल्या गाड्यांना असतो. माझ्या गाडीला नाही. आणि हे घरासमोर, मॉलच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे होतं.

सह्याद्री_सॅम
ताई, मिस्टरांना एकदा बोनेट उघडून करंट येतो का बघायला सांगा.

कैरी_पन्हं
मिस्टर बाजूच्या सीटवर झोपलेले असतात. बोनेट मीच उघडते. पुढे बोला.

पान्हा_दहाचा
सीएनजी आहे हे कळलं ते फार बरं झालं, आता पैसे न घालवता निम्मा प्रश्न सोडवता येतो. पुढच्या वेळी गरम गाडी अडली की थेट गॅसवर चालू करून बघा. बऱ्याच सिक्वेन्शियल किटना पेट्रोल-गॅसचं बटण दाबून धरून किल्ली फिरवली की गाडी सरळ गॅसवर चालू होते, अडीअडचणीसाठी ती सोय ठेवलेली असते.
गॅसचे इंजेक्टर कधी उघडायचे हे पेट्रोलच्या ईसीएमच्या सिग्नलवरूनच ठरतं. म्हणजे क्रँक सेन्सर, प्लगला करंट देणारी कॉइल किंवा ईसीएम गेला असेल तर गॅसवरही चालू होणार नाही. गॅसवर झाली आणि पेट्रोलवर होत नाही, तर दोष पेट्रोलच्या वाटेवरच.
दुसरं, टाकीत पेट्रोल किती ठेवता?

ओबीडी_वेडा
एवढं करण्यापेक्षा सेन्सर बदलून टाकला तर काय बिघडतं? स्वस्त वस्तू आहे.

पान्हा_दहाचा
प्लगही स्वस्त होते. बॅटरीही ‘बदलून टाकली’च की.

कैरी_पन्हं
पेट्रोल दिवा लागला की दोनशेचं टाकते. सीएनजीवर चालवायची तर टाकी कशाला भरायची?

पान्हा_दहाचा
इथेच पाणी मुरतंय बहुतेक. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरतच असतो. तळाशी दोन-तीन लिटर पेट्रोल, त्यात तो दिवसभर तापतो. निदान पाव टाकी ठेवत जा.
आणखी एक करून बघा, गॅसच्या चाचणीनंतर वेगळ्या दिवशी. गरम गाडी अडली की सेल्फ न मारता किल्ली नुसती ऑन करा, मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येईल. ऑफ करा, परत ऑन. असं चारेक वेळा, आणि मग सेल्फ. अशाने चालू झाली तर गाडी बंद केल्यावर रेलमधला दाब टिकत नाहीये.

थर्मोस्टॅट_काका
आणि कूलंट टेंपरेचर सेन्सर? तो इंजिन थंड आहे असं खोटं सांगत असेल तर ईसीएम पेट्रोल जास्त सोडतो आणि प्लग भिजतात. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे पेट्रोल तोडलं जातं.

पान्हा_दहाचा
हे मात्र बरोबर बोललात काका. पण तसं असेल तर एक्झॉस्टला पेट्रोलचा भपकारा येईल आणि काळा धूर निघेल.

युरेका_उपनगर
इलेक्ट्रिक घ्या. ना प्लग, ना पंप, ना रांग.

रेतीबंदर
शनिवारच्या आत? :)

कैरी_पन्हं
बटण दाबून धरलं, गॅसवर झटक्यात चालू झाली. दुसऱ्या दिवशी गरम असताना किल्ली ऑन-ऑफ केली, तेव्हा पेट्रोलवरही झाली, पहिली काही सेकंद अडखळली फक्त. धूर नाही, वास नाही. म्हणजे ईसीएम नाही ना?

पान्हा_दहाचा
नाही. आता रेलवर दाबाचं गेज लावणारा माणूस शोधा. चालू असताना तीन बारच्या आसपास हवा, आणि बंद केल्यावर तो बराच वेळ टिकायला हवा. लगेच शून्यावर आला तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) गेलाय, नाहीतर गळका इंजेक्टर. इंजेक्टर रेलसकट वर काढून ठिबकतो का ते बघता येतं.
गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, त्यामुळे पहिली दहा-वीस मिनिटं बोनेटखालचा ताप उलट वाढतो. दाब गेलेला, रेल तापलेली, मग पेट्रोलची वाफ. पंपाचे पहिले दोन सेकंद ती वाफ ढकलण्यातच जातात.

निवृत्त_सारथी
म्हणजे व्हेपर लॉकच की!

उसाचं_चिपाड
आणि वाफ कशाने जास्त होते? इथेनॉलने!

पान्हा_दहाचा
इथेनॉल मिसळलं की बाष्पदाब वाढतो, खरं आहे. पण तो दहा टक्क्यांच्या आसपास सर्वांत जास्त असतो, वीसला किंचित उतरतो. आणि दाब टिकवणाऱ्या गाड्या त्याच पंपावरचं पेट्रोल पिऊन चालू होतातच.

उसाचं_चिपाड
रबर सील कशाने खराब झालं ते सांगा ना मग.

पान्हा_दहाचा
पंप उघडून बघितल्याशिवाय ते तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही.

कैरी_पन्हं
गेज लावलं. चालू असताना पावणेतीन, बंद केल्याबरोबर काटा खाली. इंजेक्टर कोरडे. पंप बदलला. दुपारी दोन वाजता उन्हात पंधरा मिनिटं उभी करून पेट्रोलवर चालू करून बघितली, झाली. प्लगचे आणि बॅटरीचे पैसे गेले ते गेले. पान्हादादा, आभार. दोनशेऐवजी आता हजाराचं टाकलंय.

ओबीडी_वेडा
क्रँक सेन्सरही याच वेळी बदलून घ्यायला हवा होता.

रेतीबंदर
पंपाची नुसती मोटर बदलली की पूर्ण असेंब्ली? माझ्या गाडीलाही मोटर बदलून चालेल असं एक जण म्हणतोय.

पान्हा_दहाचा
चेक व्हॉल्व्ह कुठे आहे त्यावर आहे. काही गाड्यांत तो मोटरमध्येच असतो, काहींत असेंब्लीच्या वरच्या भागात. उघडून बघितल्याशिवाय मोटर घेऊ नका.

कैरी_पन्हं
पूर्ण असेंब्ली. दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.