सह्याद्रीत वाघ आणताय, आनंद आहे. पण टाळ्या ठाण्यात का वाजतायत?

बॅकवॉटर (मानपाडा, ठाणे)
ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. 'सह्याद्रीत पुन्हा डरकाळी' वगैरे. याच ग्रुपवर मागे मागच्या भिंतीवरून बिबट्या गेल्याची क्लिप आली होती. दहा सेकंदांची, त्यातली सात सेकंद भुंकणाऱ्या कुत्र्याची. तेव्हा हीच मंडळी 'पिंजरा लावा, पत्र द्या' म्हणून नाचत होती.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. आमचं जुनं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा चुलत आजोबांना ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, माझे आजोबा मात्र पाण्याच्या वर डोंगरावर सरकले. १९८५ ला तिथे अभयारण्य आलं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. म्हणजे त्यानंतर आजोबा हलले नाहीत तरी त्यांच्या पायाखालची जमीन दोनदा हलली. आजीच्या ट्रंकेत धरणाच्या वेळची एक पावती आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबर बँड. ती घेऊन वडिलांनी एका कार्यालयात किती खेटे घातले ते विचारू नका. शाई उडाली, पिशवी नवी.

वाघाशी माझं वैर नाही. पण दर वेळी किंमत डोंगरावरच्यांनी मोजायची आणि कौतुक घोडबंदर रोडवर व्हायचं, हे खुपतं.

हिरवा_चष्मा (वाशी)
भावना समजते. पण वाघ 'आणायचे' का, ते आधी समजून घ्या. २०१८ मध्ये याच प्रकल्पातल्या चांदोलीच्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. खालून, म्हणजे कर्नाटकातल्या काली जंगलातून तिलारी, राधानगरी असं करत नर येतात. तरुण नर हद्द शोधत लांबवर भटकतो. मादी सहसा तसं करत नाही, ती आईच्या हद्दीच्या आसपासच संसार मांडते. त्यामुळे आपणहून इथवर पोचतात ते नरच. मादी नेऊन सोडल्याशिवाय पिल्लं होणार नाहीत.

आणि हे काही आंधळं धाडस नाही. मध्य प्रदेशातल्या पन्न्यात २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून आणले, आज तिथे पन्नासच्या वर आहेत. सह्याद्रीचा पट्टा ११६५ चौरस किलोमीटर, कोयना आणि वारणा दोन्ही खोरी त्यात. गावं तर उठलीच आहेत, मग ते जंगल रिकामं ठेवून काय साधणार?

बॅकवॉटर
'गावं तर उठलीच आहेत.' हे वाक्य एकदा मोठ्याने वाचा. सगळी उठलेली नाहीत. आमची सात घरं अजून तिथेच आहेत.

वाघबीळ_नाका (ठाणे)
थोडं विषयांतर. इथल्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवर बिबट्यालाही वाघच म्हणतात, दुसरा असेल तर 'पट्टेरी' असं वेगळं सांगावं लागतं. पट्टेरीही इथे होताच. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. आमच्या नाक्याचं नावच बघा.

पण @बॅकवॉटर, ठाणेकर फुकटात टाळ्या वाजवतात हे पटलं नाही. २००४ मध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, ते आम्ही पाहिलंय. बाहेर पकडलेले बिबटे इथे आणून सोडल्याने ताण वाढला, असं तेव्हाच्या अभ्यासकांनी सांगितलं. मग पिंजऱ्यांचा सोस कमी झाला, कचरा-कुत्र्यांवर बोलणं सुरू झालं, पोरांना अंधारात एकटं सोडू नका हे शाळांतून सांगितलं गेलं. २०१८ च्या मोजणीत १०४ चौरस किलोमीटरमध्ये ४७ बिबटे निघाले, आणि भोवती हे एवढं शहर. पाड्यावरची म्हातारी वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावते, नारळ फोडते आणि घरी जाऊन कोंबड्या डालून ठेवते. दोन्ही कामं ती एकाच गांभीर्याने करते.

हिरवा_चष्मा
बघा, म्हणजे जमतं ना.

वाघबीळ_नाका
बिबट्याशी जमतं. तो कुत्र्यावर भागवतो. पट्टेऱ्याचं पोट मोठं असतं हो.

चांदावाली (घणसोली)
तुम्ही तिघंही वाघ लांबून बघून बोलत आहात. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडचं. राज्यात २०२२ ला ४४४ वाघ मोजले, त्यातले बहुतेक आमच्या विदर्भात. आठ नेले तर आमच्याकडे काडीचा फरक पडणार नाही, तेव्हा 'चंद्रपूरचा भार हलका होईल' हे कुणी सांगू नका.

आई मोहफुलं वेचायला पहाटे जायची. वेचताना माणूस वाकलेलं असते. वाघाला ते माणूस वाटतच नाही, चरणारं जनावर वाटते. म्हणून चार-पाच बाया एकत्र जातात आणि मोठ्यामोठ्याने बोलत राहतात, उगाच काहीबाही. मी लहानपणी समजायची की यांना फारच गप्पा असतात.

@हिरवा_चष्मा, पन्ना सांगितलं, बाकीचंही सांगा की. ओडिशात सातकोसियाला २०१८ मध्ये कान्हाचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी नेली. महावीर काही महिन्यांत मेला. सुंदरीवर माणसं मारल्याचा ठपका आला, गावं पेटून उठली, शेवटी तिला मध्य प्रदेशात परत धाडलं. आमच्या ताडोब्याची झीनत २०२४ ला ओडिशातल्याच सिमिलिपालला नेली, तर ती चालत झारखंड करून बंगालात गेली, तिथे बांकुऱ्यात बेशुद्ध करून पकडावी लागली. नकाशावरची रेघ वाघिणीला दिसत नाही.

हिरवा_चष्मा
सातकोसियाचं मान्य. तिथे लोकांना विश्वासात घेतलं नव्हतं, ती चूकच. पण इथे थेट जंगलात न सोडता आधी मोठ्या कुंपणात ठेवतात, शिकार करते का बघतात, मग दार उघडतात. चितळंही आणून सोडली आहेत, गवा-सांबर आहेच. एवढी तयारी आहे, मग अजून किती थांबायचं?

बॅकवॉटर
वाघिणीला नवीन जागेची सवय व्हावी म्हणून कुंपण, चितळं, कॅमेरा, गळ्यात पट्टा. माझी हरकत नाही, तिचा तो हक्कच आहे. पण साठ वर्षांत आमच्यासाठी एवढी तयारी कुणी केलेली मला आठवत नाही. स्थलांतराचे कुटुंबामागे पंधरा लाख आहेत म्हणे. घ्यायलाही तयार होतील काही घरं, पण जुनाच हिशोब मिटलेला नाही तर नव्या कागदावर अंगठा कोण देईल?

हिरवा_चष्मा
म्हणजे पावती निकाली निघेपर्यंत वाघीण नको?

बॅकवॉटर
हो. तसंच म्हणा हवं तर.

हिरवा_चष्मा
मग आपलं जमणार नाही. तेवढ्या वेळात तिकडच्या खिंडीत रस्ते, रिसॉर्ट उभे राहतील आणि वाघाला यायची वाटच उरणार नाही. तुमच्या आजीच्या नावाने ते जंगल दुसराच कुणी खाईल.

वाघबीळ_नाका
हे मात्र खरं. आमच्याकडे घोडबंदरला तेच झालं. जाहिरातीत 'जंगलाचा देखावा' आणि देखाव्यातलं जंगल दरवर्षी एक टॉवर मागे.

चांदावाली
भांडा तुम्ही. @बॅकवॉटर, एकच विचारते. त्या सात घरांत संडास किती घरांत आहे?

बॅकवॉटर
तीन.

चांदावाली
आणि बाकीच्या बाया?

बॅकवॉटर
पहाटे ओढ्याकडे जातात. चुलती तर एकटीच जाते, तिला कुणाची सोबत आवडत नाही.

चांदावाली
तिला आज फोन करा. पावतीचं नंतर.