पाहुण्यांना वायफाय देताय?
वर एकाने लिहिलंय की प्लॅन अनलिमिटेड आहे मग भाड्याच्या रूममधल्या पाहुण्यांना पासवर्ड दिला तर बिघडलं कुठे. प्रश्न डेटाचा नाहीये हो! गोव्यात कळंगुट, हणजूणकडे कितीतरी जण सीझनला घरातल्या रूम देतात आणि घरचाच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो, पाहुणा गेला तरी तोच चालू. कनेक्शनचं केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं, कोणाच्या नावावर झालंय? तुमच्या. उद्या त्या लाइनवरून कोणी फ्रॉड केला तर तपासात आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेट लाइनचा ओळख क्रमांक) पहिलं नाव तुमचंच निघणार, म्हणजे लगेच गुन्हेगार ठरता असं नाही पण चौकशी, जबाब, कदाचित मोबाइल-लॅपटॉप जप्त, हा ताप घरच्या म्हाताऱ्या माणसांना कशाला? बऱ्याच राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, असतं ते चालू करा, पाहुणे बदलले की त्याचा पासवर्ड बदला, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा ॲडमिन पासवर्ड तर आधी बदला, तो तसाच ठेवला तर बाकी सगळं फुकट. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा आयटी कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद नि १ लाखापर्यंत दंड. ऑनलाइन पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.