किडनी कॅन्सरच्या चॅरिटीवर ट्रस्टी म्हणून या म्हणतायत, हो म्हणू का?

मेघना_लीड्स

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याची डावी किडनी काढली. पोटात दुखतंय म्हणून पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी केली आणि निघाली किडनीवरची सात सेंटिमीटरची गाठ, ना लघवीतून रक्त ना ताप, काहीच लक्षण नव्हतं. रिपोर्टमध्ये क्लिअर सेल आलं, म्हणजे किडनी कॅन्सरचा नेहमी आढळणारा प्रकार. ऑपरेशननंतर वर्षभर दर सहा आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचं सलाइन, आत्ता स्कॅन स्वच्छ आहेत.

त्या दिवसांत आम्हाला उभं ठेवलं ते इथल्या एका छोट्या किडनी कॅन्सर चॅरिटीने. हेल्पलाइनवरच्या बाईंचा नंबर अजून आमच्या फ्रीजवर लावलेला आहे, वरच्या कोपऱ्यात हळदीचा डाग पडलाय त्याच्यावर, पण काढवत नाही. आता त्यांचा खजिनदार सोडून चाललाय आणि मी अकाउंट्समधली म्हणून त्यांच्या अध्यक्षांनी विचारलं की तुम्ही येता का. मागच्या मीटिंगचे कागद वाचायला पाठवलेत, ६४ पानं. त्यात सात ट्रस्टी आहेत आणि त्यांच्याशिवाय वेगळं मेडिकल पॅनेल, दोन यूरॉलॉजिस्ट, एक ऑन्कॉलॉजिस्ट, एक पॅथॉलॉजिस्ट आणि एक स्पेशालिस्ट नर्स.

मला खरंच कळत नाहीये की यात शेवटचा शब्द कुणाचा. डॉक्टर म्हणाले हे करा आणि पैसे नाहीत, मग? आणि दुसरं म्हणजे उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा औषध कंपन्यांकडून येतो, ते वाचून पोटात गोळा आला. सासरे साताऱ्याहून म्हणतात मानाचं पद आहे, चालून आलंय, नाही म्हणू नकोस. इथे कुणी असं काम केलंय का?

जुना_खजिनदार

मेघनाताई, आधी तुमच्या मिस्टरांचे स्कॅन स्वच्छ आले हे वाचून फार बरं वाटलं.

मी लेस्टरला एका दुसऱ्या आजाराच्या चॅरिटीवर सहा वर्षं खजिनदार होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर, शेवटचा शब्द ट्रस्टींचाच. इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याने जबाबदारी ट्रस्टींवर असते, सगळ्यांवर मिळून, डॉक्टरांचं पॅनेल सल्ला देतं. पण याचा अर्थ ट्रस्टींनी औषधोपचाराबद्दल मत द्यायचं असा नाही हं. पॅनेल सांगणार की या माहितीपत्रकात हे वाक्य चूक आहे, हा संशोधनाचा अर्ज दमदार आहे, तो कच्चा आहे. ट्रस्टी बघणार की पैसे आहेत का, ते आपल्या उद्देशात बसतं का, पुढच्या वर्षी हेल्पलाइन चालू राहील का. डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवायचाच असेल तर का ठेवला ते मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, स्वच्छ लिहायचं.

आणि मानाच्या पदाबद्दल. २०१५ मध्ये किड्स कंपनी नावाची लंडनची मोठी चॅरिटी एकाएकी बंद पडली. ट्रस्टी सगळे बिनपगारी, चांगल्या मनाने आलेले लोक, तरी त्यांना अपात्र ठरवावं म्हणून कोर्टात केस झाली. २०२१ मध्ये हायकोर्टाने ती मागणी फेटाळली, त्यांचं नाव स्वच्छ झालं, पण मधली वर्षं त्यांच्या घरात कशी गेली असतील विचार करा. तेव्हा सासऱ्यांना सांगा की मान आहेच पण सही तुमची असणार आहे.

हो म्हणायच्या आधी चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे चॅरिटींवर देखरेख करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, रजिस्टरवर त्यांचे हिशोब काढून वाचा, फुकट दिसतात. तुम्ही अकाउंट्समधल्या, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, पण राखीव निधी किती महिन्यांचा आहे ते आधी बघा.

नाइट_ड्यूटी

मी कॅन्सर नर्स आहे, यूकेत वीस वर्षं होत आली, आणि एका पेशंट संस्थेसाठी माहितीपत्रकं तपासते. पॅनेलवर नर्स आहे हे वाचून मला आनंद झाला, बऱ्याच ठिकाणी नुसते प्रोफेसर असतात.

एक प्रसंग सांगते म्हणजे पॅनेल कशाला लागतं ते कळेल. जुलाबांवरच्या पत्रकाचा मसुदा आला होता, सोप्या भाषेत, सुंदर लिहिलेला. त्यात होतं की जुलाब झाले तर ते थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घ्या, पाणी भरपूर प्या. आता सुनिटिनिबसारख्या कॅन्सरच्या गोळ्या चालू असतील तर हे बरोबर आहे, आम्हीही तेच सांगतो. पण ज्याला इम्युनोथेरपी चालू आहे त्याचे जुलाब म्हणजे आतड्याला सूज असू शकते, त्याने घरी गोळी खाऊन दोन दिवस वाट बघितली तर जिवावर बेतू शकतं, त्याने लगेच हॉस्पिटलच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करायचा असतो. तुमच्या मिस्टरांना ते अलर्ट कार्ड दिलं असेल ना पाकिटात ठेवायला, ते त्याचसाठी. म्हणजे बघा, आजार तोच, त्रास तोच, पण औषध वेगळं आणि उत्तर अगदी उलट. लिहिणारी मुलगी हुशार होती, पण तिला हे कुठून माहीत असणार? ते पान आम्ही थांबवलं, दोन पत्रकं वेगळी केली. छपाईची तारीख पुढे गेली म्हणून ट्रस्टी कुरकुरले नाहीत, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आणि दोन्ही बाजू का लागतात तेही सांगते. २००८ च्या ऑगस्टमध्ये नाइसने, म्हणजे एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) कुठली औषधं द्यायची ते ठरवणाऱ्या संस्थेने, मसुदा काढला की पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी सुनिटिनिब धरून चार औषधं एनएचएसमध्ये देऊ नयेत, किमतीच्या मानाने परवडत नाहीत. तेव्हा मी वॉर्डवर नवी होते. इंटरफेरॉन हे जुनं औषध सोडलं तर पेशंटला द्यायला हातात जवळजवळ काही नव्हतं. पेशंट निषेधाला रस्त्यावर उतरले, कॅन्सरच्या डॉक्टरांनी जाहीर विरोध केला, आणि २००९ च्या मार्चमध्ये सुनिटिनिब मंजूर झालं. एकट्या पेशंटांना भावनिक म्हणून बाजूला सारलं असतं आणि एकट्या डॉक्टरांचं म्हणणं आकड्यांत अडकलं असतं. रेडिओवरचे जेम्स व्हेल, ज्यांची २००० मध्ये किडनी काढली आणि ज्यांनी २००६ मध्ये स्वतःच्या नावाने फंड काढला, त्यांचं काम याच काळातलं. ते आता नाहीत, २०२५ मध्ये गेले. किडनी कॅन्सर यूके ही संस्थासुद्धा २००० मध्ये कीथ टेलर या पेशंटनेच सुरू केली, पुढे हे दोन्ही एकत्र आले. अमेरिकेतली किडनी कॅन्सर असोसिएशनही १९९० मध्ये शिकागोत यूजीन शॉनफेल्ड या पेशंटने डॉक्टरांना बरोबर घेऊन उभी केली. म्हणजे या आजारात सुरुवात पेशंटांनी केलीय आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी येऊन बसलेत. म्हणून मला वाटतं तुम्ही यावं.

नाना_सांगलीकर

ताई, मला तिकडचं काही कळत नाही, पण आमच्याकडे गावातल्या रुग्णसेवा ट्रस्टवर मी अकरा वर्षं विश्वस्त आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करायला लागतो, आणि तो मंजूर होऊन परिशिष्टावर, म्हणजे सरकारी नोंदीत, नाव चढेपर्यंत तुमची दमछाक होते. आमचा एक विश्वस्त वारला तरी त्याचं नाव कागदावर तसंच होतं, बँकेने सही अडवली, आणि डायलिसिसवाल्या पोराच्या मदतीचा चेक तीन आठवडे कपाटात पडून राहिला. त्याची आई रोज दारात येऊन बसायची. तेव्हापासून मी नव्या माणसाला एकच विचारतो, मीटिंगला येणार का? नाव नको, माणूस पाहिजे.

एक अजून, तिकडून कधी इकडच्या पेशंटांना पैसे पाठवायचा विचार आला तर समोरच्या ट्रस्टचं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, आहे का ते आधी विचारा. त्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात.

मेघना_लीड्स

नाइट_ड्यूटी, तुमचं जुलाबाचं वाचून मी अक्षरशः उठून नवऱ्याचं पाकीट बघितलं, कार्ड आहे! तिसऱ्या डोसनंतर त्याला तसंच झालं होतं आणि हेल्पलाइनवरच्या त्याच बाईंनी सांगितलं होतं की माझ्याशी बोलत बसू नका, आधी हॉस्पिटलला फोन करा. तेव्हा मला वाटलं होतं की टाळतायत. आज कळलं.

नाना, त्या आईचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

औषध कंपन्यांच्या पैशाचं मात्र कुणीच बोललं नाही, तेच मला टोचतंय.

जुना_खजिनदार

राहिलंच ते. तो पैसा वाईटच असतो असं माझं मत नाही, लहान चॅरिटीला हेल्पलाइनचा पगार कुठून तरी आणायचाच असतो, आणि इथे कंपन्यांना पेशंट संस्थांना काय दिलं ते जाहीर करावं लागतं. बघायचं ते असं की कुठल्या कामासाठी घेतला ते लिहिलेलं आहे का, आणि कंपनीला पत्रकातला मजकूर बदलायला मिळतो का. मिळत असेल तर तिथेच नमस्कार करा. पॅनेलवरचे डॉक्टरही कंपन्यांकडून भाषणाचं मानधन घेत असतील, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण हितसंबंधांच्या नोंदवहीत ते असलं पाहिजे आणि तो विषय निघाला की त्यांनी बाहेर जाऊन बसायचं. संशोधनाचा अर्ज त्यांच्याच हॉस्पिटलचा असेल तरी तेच. तुमचे मिस्टर त्यांच्याच हेल्पलाइनचे पेशंट, हेसुद्धा तुम्ही पहिल्याच मीटिंगला नोंदवा.

अध्यक्षांकडे गेल्या तीन वर्षांची मिनिट्स मागा. पॅनेलने कधी कशाला नाही म्हटलंय का, आणि ट्रस्टींनी त्यावर काय केलं, ते शोधा. तीन वर्षांत असा एकही नकार सापडला नाही तर मला इथेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आपण बोलू.

मेघना_लीड्स

मेल टाकलाय आत्ता. अध्यक्षांचं लगेच उत्तर आलं, शनिवारी फाइल घेऊन घरीच येतायत. पोहे करणारे, बाकी वाचून सांगते.